‘लेखकाने कधी स्टेंट हातात तरी घेतला आहे का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मूत्रपिंडाच्या धमनीतील स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी) सीटी अँजिओग्राफीने कसा तपासतात, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. जाळीच्या आतले सीटीला काहीच दिसत नाही, डॉपलर (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) असताना सीटीची गरज नाही, कॉन्ट्रास्टने (रक्तवाहिन्या सीटीत उठून दिसाव्यात म्हणून टोचलेल्या द्रव्याने) मूत्रपिंडाला अपाय होतो आणि मुळात असे स्टेंट घालूच नयेत, असे आपले म्हणणे आहे. त्याआधी मात्र आपण लिहिले आहे, ‘लेखकाने कधी स्टेंट हातात तरी घेतला आहे का, अशी शंका येते.’ हा मुद्दा नाही, टोमणा आहे, आणि टोमणा गिळून गप्प बसण्याइतका संतपणा माझ्या अंगी नाही.

घेतला आहे. एकोणीस वर्षे मी सीटीचे अहवाल लिहितो आहे, आणि फुग्यावर आवळून बसवलेली जाळी धमनीत उमलताना शिशाचा एप्रन घालून टेबलाशेजारी उभे राहून कितीदा तरी पाहिली आहे.

एक चूक आपण बरोबर पकडलीत. स्लाइसची (सीटीतल्या एकेका छेदाची) जाडी आणि दोन स्लाइसमधले अंतर यांची मी एका वाक्यात गल्लत केली होती. ते वाक्य दुरुस्त केले आहे.

आता ‘काहीच दिसत नाही’ याकडे वळतो, कारण या ‘काहीच’ शब्दावरच माझा आक्षेप आहे. स्टेंटची तार मिलिमीटरच्या अंशाइतकी बारीक असते, पण धातू क्ष-किरण इतके अडवतो की पडद्यावर ती कितीतरी पट जाड दिसते आणि आतली पोकळी आहे त्याहून अरुंद भासते. याला ब्लूमिंग म्हणतात, आणि ते मी लेखात लपवलेले नाही. पण हृदयाच्या धमनीतला स्टेंट साधारण ३ मिलिमीटरचा असतो, तर मूत्रपिंडाच्या धमनीतला ५ ते ७ मिलिमीटरचा. समजा, दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर या फुगवट्यात गेला, तर पहिल्यात उरतो जेमतेम १ मिलिमीटर आणि ६ मिलिमीटरच्या स्टेंटमध्ये उरतात ४. शिवाय मूत्रपिंडाची धमनी हृदयाच्या धमन्यांसारखी ठोक्यागणिक उड्या मारत नाही; रुग्णाने श्वास रोखला की बहुतेक काम भागते. हृदयाचा अनुभव जसाच्या तसा इथे आणून ठेवणे मला तरी पटत नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका स्त्री रुग्णाच्या डाव्या बाजूच्या स्टेंटबद्दल ‘गंभीर अरुंदपणा’ असे लिहून मोकळा झालो होतो. कॅथेटर घालून पाहिले, तर स्टेंट सताड उघडा. त्या संध्याकाळी तोच स्कॅन पुन्हा उघडला, त्याच माहितीवरून कडा ठळक करणारे नवे चित्र (रिकन्स्ट्रक्शन) बनवून घेतले, विंडो, म्हणजे पडद्यावर राखाडी छटांत दाखवायच्या घनतेचा पल्ला, ४०० वरून १५०० पर्यंत रुंद केली आणि धमनीला काटकोनात छेद घेतला. पांढऱ्या डागाच्या जागी एक बारीक कडे दिसले आणि त्याच्या आत काठोकाठ भरलेले कॉन्ट्रास्ट. जाळीच्या आत ऊती वाढली असती, तर कडे आणि कॉन्ट्रास्ट यांच्यामध्ये गडद पट्टा दिसला असता. यंत्राने दाखवले होते. मी पाहिले नव्हते.

स्टेंटचे तोंड महाधमनीत किती बाहेर आले आहे, जाळी कुठे मोडली आहे का, हेही सीटीत एका दृष्टिक्षेपात कळते. पोटातल्या वायूमागे धमनी दडली की डॉपलरला तिचा पत्ताच लागत नाही. डॉपलर ही पहिली तपासणी, हे मी लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिले होते. तिथवर वाचण्याची तसदी घेतली असती तर आपलेही श्रम वाचले असते. मात्र स्टेंटमुळे धमनीची भिंत ताठ होते आणि अरुंदपणा नसतानाही रक्ताचा वेग वाढलेला सापडू शकतो, म्हणून बिनस्टेंटच्या धमनीसाठीची सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या आसपासची मर्यादा इथे लावता येत नाही.

कॉन्ट्रास्टचे म्हणाल, तर ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) ३० च्या खाली असताना दहादा विचार करावा, हे कोण नाकारते? तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. २००९ ची अ‍ॅस्ट्रल आणि २०१४ ची कोरल या चाचण्यांत औषधांपेक्षा स्टेंटचा जास्त फायदा दिसला नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्याच्या धमनीत तो बसलेलाच आहे, त्याला हे ऐकवून काय उपयोग?

पुरावा म्हणून आपण जोडलेल्या चित्रात स्टेंट पांढऱ्या गोळ्यासारखा दिसतो, हे खरे. पण शेजारचे यकृतही त्यात छान राखाडी उठून दिसते आहे, म्हणजे ते पोटाच्या नेहमीच्या अरुंद विंडोवरच काढले आहे. त्याच स्कॅनचा रुंद विंडोवरचा काटकोनी छेद पाठवा. त्यातही आतली पोकळी ओळखता आली नाही, तर लेखातला तो परिच्छेद मी काढून टाकीन.