ॲसिडच्या थेंबाने मोलिब्डेनम डायसल्फाइड 'पेटतो'? त्या फॉरवर्डमध्ये काय चुकलंय

'मोलिब्डेनम डायसल्फाइड या काळ्या, निरुपयोगी पदार्थावर ॲसिडचा थेंब टाकला की त्यातले दोष बुजतात, तो उजळतो आणि 95 टक्के वीज प्रकाशात बदलते. एलईडीचे दिवस संपले!' असा एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. त्यामागचा प्रयोग खरा आहे आणि सुंदरही. 2015 साली बर्कलीत अली जावेय यांच्या गटाने तो केला. म्हणूनच त्याची अशी मोडतोड झालेली बघवत नाही.

निरुपयोगी तर तो नाहीच. गॅरेजमधल्या मोली ग्रीसमध्ये हाच पदार्थ असतो, कारण त्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात.

ॲसिडमुळे तो उजळू लागला, हेही चूक. जाड खड्यात इलेक्ट्रॉनला प्रकाश सोडून खाली उतरायला सरळ वाट मिळत नाही, बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते. पण एकच थर, जेमतेम 0.65 नॅनोमीटरचा, सुटा केला की बँडगॅप (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्यांमधली दरी) सरळ होतो, म्हणजे ती वाट मोकळी होते, आणि लाल प्रकाश येतो. हे 2010 मध्येच दिसलं होतं. फक्त तो प्रकाश अगदी मंद असे: शंभर फोटॉन (प्रकाशाचे कण) शोषून एखादाही परत मिळत नसे. सुपरॲसिडच्या, म्हणजे अतितीव्र ॲसिडच्या, प्रक्रियेनंतर तो आकडा 95 च्या वर गेला.

आता ते 95 टक्के कशाचे? विजेचे नव्हेत. तिथे दिवा नव्हता. लेझरचा प्रकाश टाकून किती फोटॉन परत येतात ते मोजलं होतं. तेही शोषलेल्या फोटॉनांपैकी, आणि एवढा पातळ थर पडलेल्या प्रकाशातला थोडासाच भाग शोषतो. शिवाय हा आकडा मंद लेझरखालचा. प्रकाश वाढवला की आतले एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा यांच्या जोड्या) एकमेकांवर आदळून विझतात आणि कार्यक्षमता घसरते.

'दोष', म्हणजे थराच्या अणुरचनेतल्या उणिवा, 'बुजले' या मुद्द्यावर मात्र फॉरवर्ड लिहिणाऱ्याला बोल लावता येत नाही, कारण सुरुवातीला संशोधकांनीही असंच मानलं होतं. 2019 मध्ये जावेय यांच्याच गटाने ॲसिड न वापरता, फक्त गेटला (थराजवळच्या, त्यापासून विलग ठेवलेल्या इलेक्ट्रोडला) व्होल्टेज देऊन जवळपास तितकाच उजेड मिळवला. दोष होते तिथेच होते. या थरात मुळात इलेक्ट्रॉन जास्त असतात. एक्सायटॉनला आणखी एक इलेक्ट्रॉन चिकटला की ट्रायॉन बनतो आणि तो बहुतेक वेळा प्रकाश न देताच विझतो. व्होल्टेजने जादा इलेक्ट्रॉन काढून घेतले की एक्सायटॉन मोकळे राहतात. ॲसिडही मुख्यतः हेच करतं. स्वतःचंच स्पष्टीकरण पुन्हा तपासणारा हा दुसरा शोधनिबंध मला पहिल्याहून मोलाचा वाटतो, आणि फॉरवर्डमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

हा उपाय सगळ्या थरदार पदार्थांना चालतो असंही नाही. टंगस्टन डायसल्फाइडला फायदा झाला, गंधकाऐवजी सेलेनियम असलेल्या भावंडांना नाही. पाण्याने धुतलं तर परिणाम टिकत नाही, म्हणून पुढे थरावर फ्लोरोपॉलिमरचं आवरण देऊन पाहिलं गेलं.

आणि कोणी 'घरी करून बघा' असं खाली जोडलं असेल, तर कृपा करून ती ओळ पुढे पाठवू नका. सुपरॲसिड म्हणजे शुद्ध सल्फ्युरिक ॲसिडहूनही तीव्र ॲसिड.