‘एकच एस’ नियमाबद्दल खुलासा

कोथरूड-कर्वेनगरच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक नियम फिरतोय: इंग्रजी वाक्यात ‘एस’ एकदाच येतो, कर्त्याला तरी नाहीतर क्रियापदाला तरी. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या सहावीतल्या मुलीनं ‘द बस स्टॉप ॲट स्वारगेट’ असं लिहिलं. विचारलं तर म्हणाली, “बसमध्ये एस आहे ना, मग परत कशाला?”

नियम चुकीचा आहे. बरोबर वाक्य ‘द बस स्टॉप्स’. उलट ‘द चिल्ड्रन प्ले’मध्ये एस कुठेच नाही, तरी वाक्य अचूक आहे. एस मोजायचे नसतात, कर्ता पाहायचा असतो. साध्या वर्तमानकाळात कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल तरच क्रियापदाला एस लागतो. ‘कॅन’, ‘मस्ट’ला तोही नाही: ‘शी कॅन स्विम’.

खरी गंमत प्रश्नात आहे. ‘शी प्लेज’चा प्रश्न ‘डज शी प्ले?’ होतो. तो एस हरवत नाही, ‘डू’वर जाऊन बसतो आणि ‘प्ले’ मोकळं राहतं. भूतकाळाचंही तसंच: ‘डिड शी गो?’, ‘वेंट’ नव्हे. हे एकदा फळ्यावर बाण काढून दाखवा, मुलांना लगेच कळतं.

आपली मुलं अडखळतात याचं मला नवल वाटत नाही. मराठीत ‘तिने आंबा खाल्ला’, ‘तिने पोळी खाल्ली’. इथे क्रियापद कर्माकडे बघतं. इंग्रजी क्रियापद कर्माकडे ढुंकूनही पाहत नाही.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका.