टाळ्या वाजवून काढलेला फोटो

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य, चापडगावची बाजू, सकाळचे सव्वासात. धुकं अजून पाण्यावरून उठलं नव्हतं. उथळ पाण्यात थापट्या आणि तलवार बदकं पाठीच्या पिसांत चोची खुपसून निवांत बसली होती. खाली काठावर दोघं जण कॅमेरे लावून उभे. एकाने खूण केली, दुसऱ्याने जोरजोरात टाळ्या वाजवल्या. अख्खा थवा उठला. त्यांना उडता फोटो मिळाला.

मी जाऊन बोललो. "अहो दादा, पक्षी उडणारच ना!" एवढंच उत्तर आलं. ते अजून टोचतंय, म्हणून लिहितोय.

ही बदकं हिमालयापलीकडून येतात. त्यातली बरीच रात्री चरतात आणि दिवसा विसावतात. आपल्याला "नुसती बसलेली" दिसतात तेव्हा ती झोपेत असतात. सकाळपासून चार जणांनी चारदा उठवलं, तर रात्रभर खाल्लेलं उडण्यातच खर्च होतं. परतीच्या प्रवासाला अंगावर चरबी लागते, ती कुठून येणार? आणि अभयारण्यात वन्यप्राण्याला छेडायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. हे अभयारण्य १९८६ पासून आहे, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं. तेव्हा आम्ही नाशिककर किती मिरवलो होतो!

पावसाळ्यात तर जीव तुटतो. कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो. मादी अंडी देऊन दुसऱ्या नराकडे जाते, उबवायचं आणि पिल्लं सांभाळायचं काम एकट्या नराचं. फ्रेम "क्लीन" यावी म्हणून घरट्याभोवतीची पानं, गवत बाजूला सारणारे मी पाहिलेत. नर घाबरून उठला की उघडी अंडी कावळ्याला आयती सापडतात. माझं मत स्पष्ट आहे: घरट्याचा फोटो काढूच नये, आणि कुणी टाकलाच तर त्याला लाइकही देऊ नये.

राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी उद्यानावरून लोक नांदूरमध्यमेश्वरला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. मला ते फारसं आवडत नाही, कारण या पाणथळीची घडण तिची स्वतःची आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, मागे वर्षानुवर्षं गाळ साठला, त्यातून उथळ पाणी आणि बेटं तयार झाली. कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी हलतं, चिखल उघडा पडतो, आणि शेकाटे, हे लांब पायांचे पाणपक्षी, त्यावर येतात. त्या गाळावर पाणकणीस उभं आहे. त्याच्याकडे कॅमेरा वळवणारे किती कमी! त्याचं तपकिरी कणीस म्हणजे मादीफुलं, वर नरफुलांचा तुरा. थंडीत ते कणीस फुटून कापसासारखं उडतं, तेव्हा सूर्य समोर ठेवून फोटो काढून बघा. जलपर्णीचं जांभळं फूलही सुंदर दिसतं, पण ती दक्षिण अमेरिकेतली, इथे पाणी झाकून टाकते. तिचा फोटो टाकाल तेव्हा हेही लिहा.

त्या दिवशी मी पाणकणसासमोरच बसलो. दीड तास काहीच नाही. मग जांभळी पाणकोंबडी स्वतःच बाहेर आली, कोवळा दांडा उपटला, माणसासारखा पायाच्या मुठीत धरला आणि सोलून खाऊ लागली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

येत्या रविवारी पुन्हा जातोय. कुणाला यायचं असेल तर कळवा. पहाटे पाचला निघू, आणि एका जागी दोन तास गप्प बसायची तयारी ठेवा.