मुनव्वर फारुकीला ‘रंगेहाथ’ कुणीही पकडलं नव्हतं

गेल्या आठवड्यात ताईने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली भाच्याचं नाव घालून लिहिलं, ‘वाच. म्हणून सांगते, हा नाद सोड.’ भाचा पुण्यात नोकरी सांभाळून ओपन माइक, म्हणजे नवख्यांना खुल्या असलेल्या स्टेजवर कॉमेडी करतो. पाच मिनिटांच्या सेटसाठी महिना महिना वहीत खाडाखोड करत बसतो. तो फॉरवर्ड वाचून त्याने फक्त अंगठ्याचं इमोजी टाकलं. मला मात्र गप्प बसवलं नाही.

फॉरवर्ड मुनव्वर फारुकी या स्टँड-अप कॉमेडियनवर आहे. त्यात पाच गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या आहेत. इंदूरला भर कार्यक्रमात देवदेवतांची टिंगल करताना तो रंगेहाथ सापडला आणि त्याचा व्हिडिओ आहे. कोर्टाने त्याला महिनाभराची शिक्षा दिली. सुप्रीम कोर्टाने तांत्रिक मुद्द्यावर सोडलं. त्याच वादाच्या जोरावर त्याने कोटी कमावले. आणि तो आपल्या कोकणी माणसांना शिव्या घालतो. आम्ही चिपळूणचे, त्यामुळे शेवटचा मुद्दा आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त पेटला. त्याच्याकडे येतेच. पण खरी लबाडी पहिल्या मुद्द्यात आहे.

१ जानेवारी २०२१. इंदूरचा मुनरो कॅफे. मुनव्वरचा कार्यक्रम नीट सुरू होण्याआधीच भाजप आमदार मालिनी गौड यांचा मुलगा एकलव्य गौड आपल्या साथीदारांसह तिथे पोचला आणि कार्यक्रम बंद पाडला. त्या प्रसंगाचा व्हिडिओ आहे, आणि तो कुणालाही बघता येतो. त्यात मुनव्वर देवांची टिंगल करताना दिसत नाही. आवाज न चढवता तो समोरच्याची समजूत काढताना दिसतो. मग पोलिस आले आणि मुनव्वरसकट बाकीच्यांना घेऊन गेले.

फॉरवर्डमधला ‘व्हिडिओ पुरावा’ कुठला? तक्रारदाराने पोलिसांना व्हिडिओ दिले होते. त्यांत मुनव्वर देवदेवतांचा अपमान करताना दिसत नाही, हे तेव्हा खुद्द इंदूरच्या पोलिस अधिकाऱ्यांनीच पत्रकारांना सांगितलं. मग आरोप कशाच्या आधारावर? तर कार्यक्रमाआधी ही मुलं आपापसात विनोदांचा सराव करत होती आणि तो तक्रारदाराने ऐकला, असं सांगण्यात आलं. म्हणजे स्टेजवर जे म्हटलंच नाही, ते म्हणणार होता म्हणून अटक. मी हे वाक्य ताईला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘असं कसं होईल?’ झालं ना ताई. एक माणूस त्यापायी महिन्याहून जास्त काळ तुरुंगात बसला.

त्याच्यावर लावलेलं मुख्य कलम तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं २९५-अ. धार्मिक भावना दुखावण्याचं. त्या कलमात ‘जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीने’ ही अट होती आणि शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची. हा तीन वर्षांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे एक गोष्ट मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. राम-सीतेवरून केलेल्या विनोदाची त्याची एक जुनी क्लिप होती. तिच्यावरून उत्तर प्रदेशात प्रयागराजला २०२० साली गुन्हाही दाखल झाला होता. मी ती क्लिप पाहिली आहे आणि मला ती आवडली नाही. माझी आई रोज रामरक्षा म्हणते, तिला ती आवडणार नाही हे मला कळतं. पण ते प्रकरण वेगळं, ते राज्य वेगळं, तो गुन्हा वेगळा. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने जुनी क्लिप उचलून इंदूरच्या रात्रीला चिकटवली आणि ‘रंगेहाथ’ हा शब्द वापरला. हा गोंधळ नकळत होत नाही.

दुसरा मुद्दा दोन ओळींत संपतो. कुठल्याही कोर्टाने त्याला तेव्हा शिक्षा दिलेली नव्हती. जामीन मिळत नव्हता म्हणून तो आत होता. सत्र न्यायालयाने नाकारला, मग २८ जानेवारीला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने नाकारला. सकृद्दर्शनी पुरावा नाही असं म्हणता येत नाही, असं उच्च न्यायालयाचं म्हणणं होतं. तेही इथे सांगते, कारण लपवायचं काही नाही. पण जामीन नाकारणं म्हणजे शिक्षा नव्हे. हा फरक माहीत नसेल तर निदान लोकांच्या मुलांना धमकावायला त्याचा वापर करू नका.

आता तिसरा, ‘तांत्रिक मुद्दा’. हा शब्द असा टाकला आहे जणू अर्जावर शिक्का मारायचा राहून गेला होता. ५ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने जो आदेश दिला तो अगदी छोटा आहे, पाच मिनिटांत वाचून होतो. त्यात दोन गोष्टींची नोंद आहे. एफआयआरमधले आरोप मोघम आहेत, हे वकिलांनी निदर्शनास आणलं. आणि अटक करण्याआधी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१ मधली पद्धत, जी सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात समजावून सांगितली होती, ती पाळली गेली नाही. असं असल्यामुळे उच्च न्यायालयाच्या आदेशाला स्थगिती आणि अंतरिम जामीन. प्रयागराजच्या त्या जुन्या गुन्ह्यातल्या वॉरंटलाही स्थगिती.

अर्नेश कुमार निकाल काय सांगतो? ज्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, त्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही. अटक का गरजेची आहे याची कारणं लेखी नोंदवायची आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनीही ती तपासायची. गरज नसेल तर नोटीस देऊन चौकशीला बोलवायचं. मघाचा आकडा आठवा: २९५-अ ची शिक्षा तीन वर्षं. हा निकाल मुनव्वरसाठी बनलेला नाही. तो हुंडाछळाच्या तक्रारीतल्या अटकेवरून आलेला आहे. उद्या तुमच्या घरातल्या कुणाला एखाद्या तक्रारीवरून पोलिसांनी उचललं, तर तुमचा वकील कोर्टात उभा राहून पहिलं नाव याच निकालाचं घेईल. याला तांत्रिक म्हणायचं असेल तर कुणाला कधी आत टाकायचं आणि कधी नाही, हा सगळा कायदाच तांत्रिक आहे. पुढे २०२३ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने तो अंतरिम जामीन कायम केला. हे फॉरवर्डमध्ये अर्थातच नाही.

आदेश निघाल्यावरही तो लगेच सुटला नाही. तुरुंग प्रशासनाने प्रयागराजच्या वॉरंटचं कारण पुढे केलं, आणि तो बाहेर आला तोवर दुसऱ्या दिवसाची रात्र झाली होती.

‘कोटी कमावले’ हा मुद्दा अर्धा खरा आहे. मे २०२२ मध्ये तो ‘लॉक अप’ हा रिअ‍ॅलिटी शो जिंकला, जानेवारी २०२४ मध्ये ‘बिग बॉस’चा सतरावा सीझन. पैसा मिळाला, प्रसिद्धी मिळाली, कबूल. पण ही दोन्ही टीव्हीवरची बक्षिसं आहेत. स्टँड-अपचं काय झालं ते बघा. २८ नोव्हेंबर २०२१ ला बेंगळुरूला त्याचा कार्यक्रम होता. पोलिसांनी आयोजकांना पत्र दिलं की हा वादग्रस्त माणूस आहे, कार्यक्रम करू नका. सहाशेच्या वर तिकिटं गेली होती. दोन महिन्यांत बारा कार्यक्रम रद्द झाले, असं त्याने त्या दिवशी सांगितलं आणि लिहिलं, ‘नफरत जीत गई, आर्टिस्ट हार गया.’ ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांनीही परवानगी नाकारली. यालाच करिअर बनणं म्हणतात का?

आणि त्याच्याबरोबर आत गेलेले? नलिन यादव हा तिथलाच कॉमेडियन. त्याला जामीन मिळायला फेब्रुवारी संपत आला. म्हणजे ज्याचं नाव देशभर गाजलं तो आधी सुटला आणि ज्याला कुणी ओळखत नव्हतं तो आत राहिला. बाहेर आल्यावर त्याला स्टेज मिळेना, आणि त्याच्यावर मजुरी करायची पाळी आल्याच्या बातम्या आल्या. ताईने भाच्याला भीती घालायचीच असेल तर खरी गोष्ट ही आहे. ती फॉरवर्डमध्ये नाही, कारण ती वाचून राग मुनव्वरवर येत नाही.

राहिला कोकणी माणूस. हे त्याने म्हटलं होतं. २०२४ मध्ये एका कार्यक्रमात प्रेक्षकांशी गप्पा मारताना नवी मुंबईजवळच्या तळोज्याचा विषय निघाला आणि कोकणी लोक सगळ्यांना मूर्ख बनवतात अशा अर्थाचं, शिवी घालून, तो बोलला. मला राग आला होता, अजूनही ते हलकं वाटतं. ऑगस्टमध्ये त्याने व्हिडिओ करून माफी मागितली. आमच्या काकांना ती माफी पुरेशी वाटत नाही, आणि त्यांनी त्याचा कार्यक्रम कधीही बघू नये, मी त्यांना आग्रह करणार नाही. पण २०२४ ची शिवी २०२१ च्या अटकेचं समर्थन कशी होते? दोन गोष्टी एका मेसेजमध्ये घातल्या की माणसं दुसरीच्या रागात पहिली गिळतात, एवढंच साधलं आहे.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. ताईने वाचलं, बराच वेळ काही टाकलं नाही, मग आदेशाची प्रत मागितली. पाठवली. रात्री भाच्याचा फोन आला. शनिवारच्या सेटमधला शेवटचा तुकडा त्याने आधीच काढून टाकला होता. कशावर होता, म्हणून विचारलं. मंडळाच्या वर्गणीवर, म्हणाला. पावतीपुस्तक घेऊन तीन वेगवेगळी मंडळं एकाच दिवशी दाराशी येतात आणि त्याचे बाबा प्रत्येकाला आधीच्या मंडळाची पावती दाखवतात, यावर. मी त्याला तो तुकडा फोनवर म्हणून दाखवायला लावला. देवाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.