कॉलेजच्या मॅचला लाखभर माणूस

ऑलिम्पिक संपलं की आमच्या घरच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. 2024 मध्ये राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसहून ब्राँझ आणलं, त्याचं कौतुक ओसरायच्या आत भाच्याचा मेसेज आला : ‘मामा, तुमच्याकडं कॉलेजं खेळाडू घडवतात. आमच्याकडं खेळाचे वाढीव गुण मिळाले की बूट माळ्यावर.’ वाढीव गुणांचं त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं. अमेरिकेचं अर्धंच.

मी मिशिगनमध्ये, ॲन आर्बरजवळ राहतो. 2020 मध्ये मिशिगन विद्यापीठाचा फुटबॉल संघ सहापैकी चार सामने हरला (फुटबॉल म्हणजे इथला, चेंडू काखोटीला मारून पळायचा). प्रशिक्षक जिम हारबॉ यांचा मूळ पगार निम्म्यावर आणला गेला. निम्मा म्हणजे तरी वर्षाला चाळीस लाख डॉलर, विद्यापीठाच्या अध्यक्षांपेक्षा कितीतरी जास्त.

पुढच्याच वर्षी चित्र पालटलं. 27 नोव्हेंबर 2021 ला भुरभुरत्या बर्फात शेजारच्या राज्यातल्या कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेट विद्यापीठाला 42-27 नं हरवलं. 2011 नंतर पहिल्यांदाच. हसन हॅस्किन्सचे एकट्याचे पाच टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की एक). लाखाच्या वर माणूस स्टेडियमात, त्यातला निम्मा शेवटी मैदानात उतरलाय असं टीव्हीवर वाटत होतं. आठवड्यानं इंडियानापोलिसला आयोवाचा 42-3 असा चुराडा करून बिग टेन कॉन्फरन्स (इकडच्या विद्यापीठांची साखळी स्पर्धा) जिंकली, 2004 नंतर प्रथमच. त्याच आठवड्यात इथल्या ऑक्सफर्ड गावच्या शाळेत गोळीबार होऊन चार मुलं गेली होती. त्यातला एक शाळेच्या संघात 42 नंबरची जर्सी घालायचा, आणि मिशिगनच्या जर्सीवर त्या दिवशी तो आकडा शिवलेला होता. शेवटचा धावफलक बघून आमच्या घरात कुणाला बोलवेना.

हारबॉ यांनी त्या हंगामाचा बोनस कोरोनात पगारकपात झालेल्या क्रीडा विभागातल्या कर्मचाऱ्यांना देऊन टाकला. मला आपले प्राचार्य खर्डेकर आठवले. 1952 मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला धाडायला राजाराम कॉलेजच्या या प्राचार्यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. दोघांचंही मन मोठं, पण एकाच्या मागं कोट्यवधींची यंत्रणा होती, दुसऱ्याच्या मागं फक्त घर.

ही यंत्रणा चालते कशावर? तिकिटं, टीव्हीचे हक्क, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या. फुटबॉलनं कमवायचं आणि त्यावर पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, रोइंग पोसायचं. अमेरिकेच्या ऑलिम्पिक पथकातले निम्म्याहून जास्त खेळाडू कॉलेजांतून येतात ते असे. आणि ज्यांच्या डोक्याला, गुडघ्याला मार बसून हा पैसा यायचा, त्या पोरांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे चार पैसे घ्यायलासुद्धा 1 जुलै 2021 पर्यंत बंदी होती. विद्यापीठानं थेट पैसे द्यायला 2025 उजाडलं. हे मॉडेल जसंच्या तसं उचला म्हणणाऱ्यांनी ही बाजूही उचलावी.

आपल्याकडं खरी अडचण कॉलेजं आळशी आहेत ही नाहीच. कॉलेजच्या मॅचला माणूसच येत नाही. कोल्हापुरात माणूस पेठेसाठी येतो. पाटाकडील विरुद्ध खंडोबा, म्हणजे पेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ (हा फुटबॉल आपला, पायानं खेळायचा), असलं की शाहू स्टेडियमला दुपारपासून गर्दी, आणि हरलेल्या पेठेत रात्री जेवण गोड लागत नाही. ॲन आर्बरमध्ये जे विद्यापीठाच्या वाट्याला आलं, ते आपल्याकडं तालमींकडं आयतं आहे. कधीकधी मारामाऱ्यांसकट.

म्हणून भाच्याला लिहिलं, कॉलेजांची वाट बघू नका. चांगलं मैदान, फिजिओ, पगारी प्रशिक्षक तालमींना द्या, आणि मोबदल्यात प्रत्येक तालमीनं फुटबॉलबरोबर आणखी एक खेळ पोसायचा अशी अट घाला. कुस्तीचा आखाडा तर बऱ्याच ठिकाणी आहेच.

त्याचं उत्तर आलं, ‘मामा, अट घालणार कोण? आणि पाटाकडीलच्या आधी खंडोबाला दिलं तर?’