पुढचं विमान येईपर्यंत चिंतन

एक शहर मागे पडलंय, दुसरं अजून यायचंय आणि मधे विमानतळावर अख्खा अर्धा दिवस काढायचाय, म्हटलं चला, आता निवांत बसून झालेल्या प्रवासाचं चिंतन करू. पण निवांत बसणार कुठे? खुर्च्यांच्या रांगेत दर दोन खुर्च्यांच्या मधे लोखंडी हात, माणूस आडवा होऊ नये म्हणून खास बसवलेले. कुशीवर वळून बघितलं, पाय पोटाशी घेऊन बघितलं, एका हाताच्या खालून कंबर घालायचाही प्रयत्न केला आणि समोरच्या लहान मुलीने आईला हलवून माझ्याकडे बोट दाखवल्यावर सरळ बसलो.

वही उघडली. पहिली ओळ सुचली ती, "हॉटेलच्या बाथरूममधला नळ उलटा फिरायचा." एवढी म्युझियमं पालथी घातली, पायऱ्या चढून गुडघ्यांची वाट लावली, आणि वर तरंगत आलं काय, तर नळ! फोटो बघून तरी काही आठवेल म्हणून फोन काढला तर त्यात वायफायचा पासवर्ड, लिफ्टच्या आरशात मीच आणि एका घुमटाचे एकसारखे इतके फोटो, जसा काही तो घुमट पळूनच जाणार होता.

अर्थात याचं खापर मी मेंदूवर फोडतो. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1993 चा एक प्रयोग आहे. लोकांना 14 अंशांच्या गार पाण्यात 60 सेकंद हात बुडवायला लावला, आणि वेगळ्या फेरीत तेच 60 सेकंद आणि वर आणखी 30, फक्त त्या जादा वेळात पाण्याचा गारठा अंशभर कमी होत जायचा. मग विचारलं, यातलं परत कुठलं कराल? निम्म्याहून जास्त लोकांनी लांबलेला छळ निवडला! कारण किती वेळ सोसलं ते डोक्यात राहत नाही, राहतो तो सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट.

आता तुम्हीच सांगा, विमानाने सोडलेल्या शहराचा शेवट काय असतो? सिक्युरिटी! बेल्ट काढा, शूज काढा, आणि 2006 मध्ये आलेला तो हातातल्या सामानात 100 मिलीलिटरपर्यंतच्याच बाटल्यांचा नियम, त्यात बहुतेक ठिकाणी बाटलीत तळाला चमचाभर शांपू उरला असला तरी बघतात बाटलीचं माप, त्यामुळे ती गेली डब्यात. मग एका हाताने पँट सावरत ट्रेची वाट बघायची. शेकडो वर्षं उभं असलेलं शहर माझ्या डोक्यात कायमचं बसणार ते या पोझमध्ये.

शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही तिकडूनच आलात ना? आम्ही तिकडेच निघालोय. काय काय बघावं?"

मी वही मिटली, घसा साफ केला आणि म्हणालो, "नळ जरा उलटा फिरवा."

त्यांनी ते लिहून घेतलं.