चाळीस डेव्हलपर येतायत, इन्फ्राला एकही माणूस नाही

आज टाउनहॉलमध्ये जाहीर झालं की चाळीस नवीन डेव्हलपर घेणार, टाळ्या वगैरे झाल्या, मी विचारलं इन्फ्राचं, म्हणजे सर्व्हर-सिस्टिम चालू ठेवणाऱ्या टीमचं काय, तर म्हणे "ते आहे तसंच राहील, क्लाउडवर आहोत ना आपण." डोकंच सणकलं माझं. आहे तसंच म्हणजे तीन माणसं. आत्ता साठांमागे तीन, उद्या शंभरामागे तीन.

गेल्या वर्षी गौरीजेवणाला आमच्या टीममधला एक मुलगा साताऱ्याकडे गावी गेला होता, नावालाच रजा, पेजर, म्हणजे बिघाडाचे अलर्ट, त्याच्याकडेच. पानावर बसला, पुरणपोळी वाढली आणि फोन वाजला. एपीआयच्या (ॲप ज्या सर्व्हरशी बोलतं त्याच्या) डोमेनचं सुरक्षेचं सर्टिफिकेट एक्सपायर, ॲपवर कुणाला लॉगिनच होईना. घरात रेंज नाही म्हणून गच्चीत पाण्याच्या टाकीवर लॅपटॉप ठेवून हॉटस्पॉटवर बसला, खालून आई हाका मारतेय. आणि नंतर रिपोर्टमध्ये काय लिहिलं? "ह्यूमन एरर". कसला ह्यूमन एरर! ऑटो-रिन्यूअल बंद पडलंय हे त्यानंच आधी शोधून तिकीट (कामाची नोंद) टाकलं होतं, पण हात लावायला वेळ कुठे होता, नवीन आलेल्यांना ॲक्सेस दे, एन्व्हायर्नमेंट उभं करून दे, कुणाची कोड सर्व्हरवर चढवायची पाइपलाइन अडकलीय ती बघ, यातच दिवस जायचा त्याचा. म्हणजे डेव्हलपर वाढले म्हणूनच ते तिकीट पडून राहिलं.

आणि मार्च २०२९ पासून पब्लिक सर्टिफिकेटची मुदत जास्तीत जास्त ४७ दिवस होणार आहे, म्हणजे रिन्यूअल सारखंच. तेव्हा कुणाला पानावरून उठवणार?

"इतक्या डेव्हलपरमागे एक इन्फ्रावाला" हे गणितच मला पटत नाही. आधी ऑन-कॉलचा रोटा, म्हणजे बिघाड झाला की कुणी कधी धावायचं त्या पाळ्या, मांडा ना. गूगलनं एसआरई टीमबद्दल (त्यांच्याकडे सिस्टिम चालू ठेवणारे इंजिनिअर) उघड लिहून ठेवलंय की एकाच ठिकाणाहून चोवीस तास सांभाळायचं तर प्रायमरी-सेकंडरी (पहिला कॉल घेणारा आणि त्याच्या मागे उभा असलेला दुसरा) धरून किमान ८ जण हवेत, आणि ऑपरेशन्सची कामं निम्म्या वेळेच्या वर जाऊ द्यायची नाहीत. आपण गूगल नाही, मान्य, आठ नका देऊ. पण तिघांत एक प्रायमरी, एक सेकंडरी, आणि तिसरा तापानं झोपला की संपलं.

हो, ऑटोमेशन चांगलं असेल तर थोडी माणसंही पुरतात, खरंय. पण ते लिहिणार कोण आणि कधी, टाकीवर बसून?

२०१७ मध्ये गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीत रात्री उशिरापर्यंत झुंजणाऱ्या एका इंजिनिअरच्या हातून प्रॉडक्शन डेटाबेसच उडाला, बघतात तर बॅकअपही चालत नव्हते, आणि ते तपासायची जबाबदारी कुणाकडेच नव्हती. त्यांनी स्वतः हे जगापुढे मांडलं. आपल्याकडे बॅकअप रिस्टोअर करून शेवटचं कुणी बघितलं, सांगा बरं.

डेव्हलपर मंडळींवर राग नाही हं माझा. त्या दिवशी त्यांच्यातलीच एक मुलगी सणाचं घर सोडून कॉलवर थांबली होती, हॉटस्पॉटवर त्याचा डॅशबोर्ड उघडेना तर एकेक लॉग वाचून दाखवत होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला. ही मुलं एकमेकांना धरून आहेत म्हणून सगळं चाललंय, आणि वरच्यांना वाटतं सिस्टिम मजबूत आहे!

यंदाची गणपतीची रजा त्या साताऱ्याकडच्या मुलानं अजून टाकलेली नाही, म्हणतो रोटा बघून ठरवतो. सोमवारी मी हायरिंगच्या शीटमध्ये इन्फ्राच्या तीन जागा टाकतेय. ज्या टीम लीडना पटतंय त्यांनी इथे लाइक करण्यापेक्षा त्या शीटमध्ये आपापल्या नावानं कमेंट टाका, आणि नवीन डेव्हलपरची एखादी जागा सोडायची तयारी असेल तर तेही तिथेच लिहा.